वाकडं अंगण, दहा मीटर

बायकोची लिपस्टिक संपली आणि ती मी संपवली. दोन वर्षांपूर्वी हे वाक्य माझ्याबद्दल कुणी उच्चारलं असतं, तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. आता मी ते स्वतःच सांगतो, तेही मान वर करून.

रविवारची सकाळ. नाशकातली सभ्य माणसं या वेळी मिसळीच्या रांगेत उभी असतात. मी गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरून बसलेला असतो. पुढ्यात एक अर्धगोल कानस, खरखरीत ते मऊ असे चार पॉलिश पेपर, एम-सीलची दोन पाकिटं आणि ती लिपस्टिक. नववीतल्या कन्येच्या उजव्या तळव्याला मी लिपस्टिक फासतो. ती आपल्या एअर पिस्तुलाची लाकडी मूठ धरते, श्वास सोडते, मग मूठ सोडते. लाकडावर जिथं गडद लाल उमटलं तिथं हात दाबला जातोय, तिथं कानस. जिथं लाकूड कोरं राहिलं तिथं हात अधांतरी आहे, तिथं एम-सील. मग पुन्हा लिपस्टिक, पुन्हा मूठ, पुन्हा कानस. मेंदी काढणारी बाई जेवढ्या वेळात अख्खी वरमाय उरकते, तेवढ्यात माझा अंगठ्याचा बुंधासुद्धा होत नाही.

"अहो, पंधराशेची लिपस्टिक आहे ती!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"पिस्तूल दोन लाखांचं आहे," मी म्हणालो.

या उत्तरानं वाद मिटेल असं मला का वाटलं, देव जाणे. पिस्तुलाचा खरा आकडा मी तोवर घरात सांगितलेला नव्हता.

तसं नाशिकचं आणि नेमबाजीचं जुनं सख्य. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे. तिथं नेम किलोमीटरमध्ये मोजतात. ओझरला लढाऊ विमानं बांधली. नाशिकरोडला नोटा छापतात. तिथं रेघ केसभर सरकली तर नोट बाद. भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून उभं आहे. आणि पोलीस खात्यातून निवृत्त झालेले भीष्मराज बाम याच गावात राहून खेळाडूंच्या डोक्यातला गोंधळ निस्तरत होते. गीत सेठी, राहुल द्रविड यांच्यासारखी माणसं त्यांचा सल्ला घ्यायची. २०१७ मध्ये बाम सर गेले, पण इथल्या नेमबाजांच्या बोलण्यात ते अजून येतात. मुख्य म्हणजे त्यांचं सगळं काम डोक्यावर होतं. मी डोक्याला हात न लावता मुठीपासून सुरुवात केली. माझी पहिली चूक ती.

आमच्या घरात हे वेड शिरलं ते १ ऑगस्ट २०२४ रोजी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेऊन उभा राहिला. क्रीडा प्रबोधिनीतर्फे तो नाशकात शिकलाय आणि तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, हे टीव्हीवर सांगितलं गेलं. त्या संध्याकाळी नाशकातल्या निम्म्या पालकांनी आपापल्या पोरांच्या डोळ्यांकडे नव्यानं पाहिलं. कन्येला चष्मा होता. मी नेमबाजीच्या क्लबमधल्या प्रशिक्षक सरांना भीत भीत विचारलं. सर म्हणाले, "चष्म्यानं काही बिघडत नाही. फक्त तिला शांत उभं राहता आलं पाहिजे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुम्हालाही."

दुसऱ्या वाक्याचा अर्थ कळायला मला दीड वर्ष लागलं.

हा खेळ ऐकायला सोपा वाटतो. दहा मीटर अंतर, म्हणजे आमच्या हॉलपासून शेजाऱ्यांच्या हॉलपर्यंत. एका हातानं पिस्तूल धरायचं, दुसरा हात खिशात. सव्वा तासात ६० पेलेट मारायचे. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. बटणाला लागलं की दहा गुण, असे साठ वेळा, एकूण ६००. मारायचं बटण दहा मीटरवर असतं आणि धरलेलं पिस्तूल किलोभराचं. ते हात लांब करून धरलं की दहाव्या सेकंदाला पुढची साइट गोदावरीच्या पुरात सापडलेल्या होडीसारखी डोलायला लागते.

आता तुम्ही म्हणाल, मग हाताचा व्यायाम करा. बरोबर. पण व्यायाम कन्येनं करायचा होता आणि मला काहीतरी करायचं होतं. अशा बापांसाठीच बहुधा ऑस्ट्रिया, इटली, जर्मनीतल्या कारागिरांनी एवढे स्क्रू बसवले असावेत. स्पर्धेच्या एअर पिस्तुलात न फिरणारा स्क्रू शोधावा लागतो. मागच्या साइटची खाच रुंद करा, अरुंद करा. ती क्लिक-क्लिक करत डावीउजवीकडे, वरखाली सरकवा. मुठीचा कोन बदला. तळहाताखालची फळी चढवा, उतरवा. नळीखाली छोटी वजनं लावा, नाकाशी जड वाटलं तर मागे सारा. ट्रिगरची पट्टी पुढे, मागे, तिरकी करा. ट्रिगरलाही दोन टप्पे: पहिला म्हणजे दार लोटणं, दुसरा म्हणजे कडी निघणं. दार किती जड असावं नि कडी किती, हेही वेगवेगळ्या स्क्रूंनी ठरवता येतं. बँकेत सव्वीस वर्षं नोकरी करून माझ्या शब्दानं टेबलावरचा पंखासुद्धा हललेला नाही. इथं एक वस्तू माझं इतकं ऐकत होती. मी वाहावलो, यात नवल ते काय!

आणि इथंच आपल्या एका म्हणीचा घोळ आहे. नाचता येईना अंगण वाकडं. लहानपणापासून ही म्हण आपल्याला टोमणा म्हणून ऐकवली जाते: दोष तुझ्या पायात आहे, अंगणाला बोल लावू नकोस. पण नेमबाजी हा असा खेळ आहे, जिथं अंगण खरोखरच वाकडं असू शकतं आणि ते सरळ करायला नियमानं परवानगी आहे. एखाद्या मराठी माणसाला याहून मोठं आमिष दाखवता येणार नाही. गुण कमी आले? मुठीचं बघू. पेलेट डावीकडे गेले? ट्रिगर तिरका असेल. कन्या रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत होती, हे कारण मला कधी सुचलं नाही, कारण मोबाइलला माझ्याकडे कानस नव्हती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी बत्तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर इमारतीतलं कुठलंही बिजागर त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मी त्यांना पिस्तूल दाखवलं, तेव्हा त्यांनी आधी हात धुतले, पुसले, मग दोन्ही हातांनी घेतलं. नातवंड पहिल्यांदा उचलावं तसं. खिशातून व्हर्निअर निघालं.

"दोन साइटमधलं अंतर किती?" त्यांनी मोजलं. बत्तीस सेंटिमीटरच्या आसपास. मग पेपरच्या कोपऱ्यात गणित मांडलं. "म्हणजे पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटरनं सरकली, तर दहा मीटरवर तीन सेंटिमीटरची चूक. आणि तुमचं दहाचं वर्तुळ?"

"साडेअकरा मिलिमीटर."

काकांनी व्हर्निअर खाली ठेवलं. "अरे बापरे. आमच्याकडे असा जॉब आला असता तर आम्ही मशीन जमिनीत काँक्रीटमध्ये गाडलं असतं. तुम्ही हे एका पोरीच्या हातात देताय?"

मग थोडा विचार करून म्हणाले, "साहेब, मशीनचं तीन गोष्टींत भागतं. नीट सेटिंग करायचं, नट आवळायचा, आणि ऑपरेटरला पाना द्यायचा नाही."

मी हसलो. त्यांनी पाना म्हणताना माझ्याकडेच का पाहिलं, याचा मी विचार केला नाही.

या सुमारास माझ्या संशोधनाला आंतरराष्ट्रीय बाजू मिळाली. माझा मामेभाऊ डॅलसला असतो. इथं असताना तो गणपतीत टिकल्या फोडायलाही भ्यायचा. तिकडे तो शनिवारी प्रॅक्टिकल शूटिंग करतो. हा वेगळाच प्रकार. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात कोलंबिया गावी त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे; अर्थ असा की अचूकपणा, ताकद आणि वेग. आमची कन्या साठ पेलेटना सव्वा तास घेते. हा गृहस्थ भिंतीआडून, खिडकीतून, पळत पळत पंधरा-वीस सेकंदांत आपला डाव उरकतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, तो त्याचा हिशेब. साठ गुण बारा सेकंदांत केले तर पाच. तेच साठ गुण दहा सेकंदांत केले तर सहा. म्हणजे नेम थोडा बिघडला तरी चालेल, पण रेंगाळून चालणार नाही. आमच्या बँकेच्या नेमका उलट.

व्हिडिओ कॉलवर त्यानं पिस्तूल दाखवलं. त्याच्या गटात जवळजवळ सगळं चालतं, म्हणून त्या पिस्तुलाला रेस गन म्हणतात. पिस्तूल कुठलं, सत्यनारायणाचा चौरंगच तो. नळीच्या टोकाला एक भोकाभोकांचा डबा. गोळी सुटताना मागून येणारा वायू त्यातून वरच्या बाजूला उडतो आणि नळीला खाली दाबून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या गोळीसाठी नेम लगेच परत येतो. वर लाल ठिपका दाखवणारी काच. खाली मुठीच्या तोंडाशी नरसाळं, म्हणजे पळता पळता नवं मॅगझिन आंधळेपणानं खुपसलं तरी आत जावं. "यातलं मूळचं पिस्तूल किती उरलंय?" मी विचारलं. तो म्हणाला, "नंबर तोच आहे."

मला वाटलं, हा सुखी माणूस. याला कुणी विचारत नाही. पण मग त्याचंही रडगाणं सुरू झालं. त्याच्या मित्राच्या गटात, ज्याला स्टँडर्ड म्हणतात, पिस्तूल २२५ बाय १५० बाय ४५ मिलिमीटरच्या खोक्यात बसावंच लागतं. शिवाय गोळी हलकी आणि मवाळ करून धक्का चोरला, तर तेही पकडतात. स्पर्धेच्या ठिकाणी तुमच्या गोळ्यांचा वेग यंत्रावर मोजतात, त्याला गोळीच्या वजनानं गुणतात, हजारानं भागतात. आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला की कमी गुणांच्या पंगतीत बसा, आणखी खाली गेला तर ताटच नाही. "अरे, मी तीन महिने एक स्प्रिंग शोधतोय," तो म्हणाला, "ती मिळाली ना, की मग बघ." त्याच्या मागे वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ही स्प्रिंग मिळून काहीही होणार नाही, हे त्यांना ठाऊक असल्याचं डॅलस ते नाशिक स्पष्ट दिसत होतं.

आपल्याकडे त्याचं सगळं प्रकरण टेबलावर पेपर अंथरून होण्यासारखं नाही, हेही सांगून टाकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं खऱ्या बंदुकीला परवाना लागतो तो लागतोच, वर ती दुरुस्त करणाऱ्यालाही लागतो. म्हणजे तिथं माझ्यासारख्यांचे हात कायद्यानंच बांधलेत. ठरावीक मर्यादेतल्या ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला मात्र परवाना लागत नाही. कायदा करणाऱ्यांची काही चूक नाही. एम-सीलवाल्या बापाची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती.

आता स्पर्धेची गोष्ट. कन्येची ती पहिली मोठी स्पर्धा. पिस्तूल घेऊन थेट रेंजवर जाता येत नाही. आधी तपासणीच्या टेबलावर नेऊन त्याला चिकटपट्टीची पावती घ्यावी लागते. तपासणी मुख्यतः तीन गोष्टींची. वजन दीड किलोच्या आत हवं. आकार ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावला पाहिजे. आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा: पिस्तूल नळी वर करून उभं धरायचं, ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवायचं, ते वजन उचललं जाईपर्यंत ट्रिगर सुटता कामा नये. सुटला तर नापास.

ट्रिगर जितका हलका, तितका हात कमी हलतो. म्हणून प्रत्येकाला तो पाचशेच्या अगदी काठावर हवा असतो, पाचशे एक ग्रॅमवर, एकादशीला उपास साबुदाण्याच्या काठावर राहतो तसा. माझ्याकडे तपासणीचं प्रमाणित वजन नव्हतं. पण घरात अर्धा किलो साखरेची पुडी होती. आदल्या रात्री मी ती दोरीनं ट्रिगरला टांगली आणि स्क्रू सैल करत करत, पुडी जेमतेम तोलली जाईल तिथं आणून थांबलो. झोपताना मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की झोप लागली नाही. मग उठून मुठीला एम-सीलचा एक शेवटचा हातही दिला.

सकाळी तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी वजन अडकवलं. खट्. दुसऱ्यांदा. खट्. तिसऱ्यांदा. खट्. बाई शांतपणे म्हणाल्या, "हलका आहे. नीट करून आणा."

"अशक्य!" मी म्हणालो. "मी काल रात्री अर्ध्या किलोवर..." आणि वाक्य घशातच राहिलं. कारण त्याच क्षणी मला त्या पुडीचा चेहरा आठवला. परतल्यावर ती खालच्या काकांच्या काट्यावर ठेवली: ४८४ ग्रॅम, कागद आणि दोरी धरून. गेली अकरा वर्षं आम्ही त्या दुकानातून साखर आणतोय. इतक्या वर्षांत आमच्या चहानं जे पकडलं नाही, ते ऑस्ट्रियन ट्रिगरनं एका झटक्यात पकडलं.

ट्रिगर आवळला. वजन उचललं. आता खोका. पिस्तूल आत ठेवलं. सगळं गेलं, मूठ अडली. रात्रीचा शेवटचा हात. जाडीची मर्यादा ५० मिलिमीटर आणि माझं एम-सील एक मिलिमीटर पुढे, तेलात टाकलेल्या कुरडईसारखं फुगलेलं. मी खिसे चाचपले. कानस घरी. तेवढ्यात बाजूला उभ्या एका कोल्हापूरकर गृहस्थांनी पँटच्या खिशातून कानस काढून माझ्या हातात ठेवली. "घ्या की. असू दे." मी पाहिलं तर त्या व्हरांड्यात सात-आठ बाप उभे होते. कुणाच्या हातात पॉलिश पेपर, कुणाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर, एकाकडे चक्क सुतारकामाची पटाशी. सगळे घासत होते. पोरं मात्र पलीकडे ओळीनं भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, हात वर नेऊन खाली आणत उभी होती. एकाही पोरानं मागे वळून बापाकडे बघितलं नाही.

कन्या आत गेली ती ताज्या कानशीनं खरवडलेली मूठ आणि रात्रीपेक्षा जड झालेला ट्रिगर घेऊन. मी बाहेर मनातल्या मनात कारणांची यादी तयार केली. गुण आले ५४९. आदल्या महिन्याभराच्या सरावात तिचे गुण ५४५ ते ५५२ मध्येच खेळत होते. म्हणजे पिस्तुलाचं एवढं महाभारत होऊनही गुण होते तिथंच. मला याचं वाईट वाटावं की बरं, कळेना.

घरी आल्यावर बायकोनं मोबाइल पुढे केला. पॅरिसमधला तो तुर्की नेमबाज, युसुफ दिकेच. वय ५१, साधा टी-शर्ट, रोजचा चष्मा, एक हात खिशात, आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलाचं रौप्यपदक. हा फोटो आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरून गेला होता. "बघा," ती म्हणाली, "याच्याकडे काही आहे का?" मी हिरिरीनं सांगितलं की खिशातला हात ही काही त्याची ऐट नाही, पिस्तुलाचे सगळेच नेमबाज दुसरा हात खिशात घालतात, नाहीतर तो लोंबतो आणि अंग डोलतं. आणि त्याच्या हातातलं पिस्तूलही स्पर्धेचंच होतं, मुठीबिठीसकट. "ते खरं," ती म्हणाली, "पण त्याच्या मागे कानस घेऊन उभा असलेला कुणी दिसतोय का?"

खरं तर त्या दिवशी, ३० जुलै २०२४ ला, त्याच प्रकारात आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्य मिळवलं. मनूचं नाव निघालं की मी गप्प होतो. २५ जुलै २०२१ ला टोकियोत ती १० मीटर एअर पिस्तूल मारत होती. मध्येच पिस्तुलाचा खटका ओढायचा दांडा मोडला. दुरुस्तीत पंधरा-वीस मिनिटं गेली, उरलेल्या वेळात घाई झाली, गुण आले ५७५, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. बघा, हिचं अंगण खरोखर वाकडं होतं. अख्ख्या जगानं ते पाहिलं. आयुष्यभर सांगायला पुरेल असं कारण तिच्या हातात होतं, त्यावर माझ्यासारखा माणूस तीन पिढ्या जगला असता. ती तीन वर्षांनी पॅरिसला गेली आणि दोन कांस्यपदकं घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी क्लबमध्ये सरांनी कन्येची वही मागितली. नेमबाजांची एक वही असते; तारीख, पिस्तुलाची सेटिंग, गुण आणि एखादी नोंद. सरांनी ती माझ्यासमोर उघडली. आठ महिन्यांत सेटिंगच्या रकान्यात चौदा बदल. सगळे माझ्या हस्ताक्षरात. गुणांच्या रकान्यात ५४५ ते ५५२ अशी सपाट रेघ, खान्देशातल्या रस्त्यासारखी. फक्त एका ठिकाणी टेकडी. मार्च आणि एप्रिल. ५५५, ५५८, ५६१.

"इथं काय केलंत?" सरांनी विचारलं.

मी आठवायला लागलो. ग्रिपचा कोन? मागची साइट? सेटिंगचा रकाना तर कोरा होता. शेवटी कन्याच म्हणाली, "बाबा, तू तेव्हा नागपूरला होतास. ऑडिटला."

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मूठ नीट बसलीय आता. छान बसवलीत. पिस्तूल एकदा हाताला बसलं की पुढचं काम हाताचं. एका वेळी एकच स्क्रू, आणि त्यानंतर महिनाभर त्याला हात नाही. तो स्क्रूही तीच फिरवेल."

मग मला या खेळाची गंमत कळली. पिस्तूल सुधारण्याचा उपयोग गुण वाढवायला होतो असं मी धरून चाललो होतो. खरा उपयोग वेगळाच आहे. मूठ बसली, ट्रिगर पाचशे एकवर आला, साइट जुळली, की एकेक करून कारणं संपतात. अंगण सरळ होतं. आणि सरळ अंगणात माणूस एकटाच उभा राहतो, आपल्या दोन पायांनिशी. पोरांना ते जमतं. आपल्यालाच त्याची सवय नाही.

आता रविवारी सकाळी कन्या स्वतःच टेबलावर बसते. पिस्तूल रिकामं आहे हे आधी तपासते, नळी फडक्यानं पुसते आणि पेटी बंद करते. सात मिनिटं. मग हॉलच्या कोऱ्या भिंतीसमोर उभी राहून पेलेटशिवाय नुसता ट्रिगर दाबत बसते, अर्धा अर्धा तास. त्याला ड्राय म्हणतात. त्यात बघण्यासारखं काहीही नसतं आणि मला करण्यासारखंही काही नसतं. बायकोला नवी लिपस्टिक आणून दिलीय. साखर दुसऱ्या दुकानातून येते. मी मिसळीच्या रांगेत उभा राहतो.

एम-सीलचं एक पाकीट उरलं होतं. ते मी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाला लावलं. व्यवस्थित, कानशीनं घासून, पॉलिश पेपर मारून. नळ अजून गळतो. नळच वाकडा आहे.